पाण्यालगतच्या लक्ष्याचा ट्रॅक वारंवार डुलतो, सुटतो: दोष कुठे शोधायचा

तक्रार जवळजवळ नेहमी अशीच येते. ट्रॅकिंग रडार, म्हणजे एकाच लक्ष्याचा सतत माग घेणारं रडार, जहाजाच्या डोलकाठीवर किंवा किनाऱ्यावरच्या मनोऱ्यावर बसवलेलं आहे. लक्ष्य समुद्रावरून, पाण्यापासून जेमतेम १० मीटर उंचीवरून येतंय. अंतर बरोबर मिळतं, अझिमथ (आडवी दिशा) स्थिर राहतो, पण एलेव्हेशन (वर-खालचा कोन) डुलत राहतं. मधूनच सिग्नल पडतो, त्याच क्षणी अँटेना एकदम वर उसळते किंवा खाली पाण्याकडे झुकते आणि लॉक, म्हणजे लक्ष्यावरची पकड, सुटतो. तेच विमान ५०० मीटर उंचीवरून आणलं की काहीच कुरबुर नाही. मग सर्वो (अँटेना फिरवणारी यंत्रणा) तपासला जातो, रिसीव्हरचं कार्ड बदललं जातं, अलाइनमेंट नव्याने होतं. दोन दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच सुरू होतं.

अशा वेळी पार्ट बदलत बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ही सगळी लक्षणं एकत्र दिसत असतील तर रडार बहुधा ठणठणीत असतं. त्याला लक्ष्य दोन दिसत असतात: एक हवेत, आणि दुसरं तेवढंच पाण्याखाली, म्हणजे पहिल्याचं प्रतिबिंब. दोन्ही एकाच बीममध्ये, म्हणजे रडारच्या झोतात, बसतात, आणि कोणाकडे बोट दाखवायचं हे रडारला ठरवता येत नाही. यंत्रात काही बदलण्याआधी हेच घडतंय की नाही याची खात्री करता येते. त्यासाठी महागडं उपकरणही लागत नाही.

नेमकं काय होतं

लक्ष्यावरून परतणारी ऊर्जा अँटेनापर्यंत दोन वाटांनी पोचते. एक सरळ, दुसरी पाण्यावर आपटून. खूप तिरप्या, म्हणजे एखाद्या अंशाहून कमी कोनात पाण्यावर आलेली मायक्रोवेव्ह जवळजवळ पूर्णपणे परावर्तित होते आणि परावर्तनात तिची फेज (तरंगाच्या चढ-उताराची स्थिती) सुमारे १८० अंशांनी उलटते. दोन वाटांच्या लांबीतला फरक काढायला सोपा आहे: रडारची उंची गुणिले लक्ष्याची उंची गुणिले २, भागिले अंतर. अँटेना पाण्यापासून २० मीटरवर, लक्ष्य १० मीटरवर आणि अंतर ५ किलोमीटर असेल तर हा फरक येतो अवघा ८ सेंटिमीटर.

आठच सेंटिमीटर, पण १० गिगाहर्ट्झच्या एक्स बँडमध्ये तरंगलांबीच ३ सेंटिमीटर असते. त्यामुळे लक्ष्य जवळ येताना दोन्ही सिग्नल आळीपाळीने एकमेकांना मिळतात आणि एकमेकांना खोडतात. मिळतात तेव्हा मोकळ्या हवेतल्यापेक्षा १२ डेसिबलपर्यंत जास्त सिग्नल मिळतो. खोडतात तेव्हा लक्ष्य नाहीसं झाल्यासारखं वाटतं. वरच्या उदाहरणात पृथ्वी सपाट धरली तर हे खड्डे साधारण १३.३, ६.७, ४.४ आणि ३.३ किलोमीटरवर येतात. पहिल्या खड्ड्याला मात्र पृथ्वीची वक्रता नडते. १३ किलोमीटरवर परावर्तनाच्या बिंदूपासून मोजलेल्या दोन्ही उंच्या कमी भरतात, आणि तो खड्डा सरकून साडेदहा किलोमीटरच्या आसपास येतो. जवळच्या खड्ड्यांना हा फरक फार जाणवत नाही. पुष्कळ लोक सपाट पृथ्वीचं गणित करतात, पहिला खड्डा जुळत नाही म्हणून सगळं निदानच मोडीत काढतात. तसं करू नका.

सिग्नल पडणं हा त्रासाचा अर्धाच भाग. खरा घोळ कोनात होतो. मोनोपल्स रडार, म्हणजे एकेका पल्सवरूनच दिशा ठरवणारं रडार, अँटेनाच्या भागांतल्या सिग्नलांची बेरीज आणि वजाबाकी अशा दोन चॅनेलांच्या गुणोत्तरावरून कोन काढतं, आणि ते गुणोत्तर समोर एकच लक्ष्य आहे असं गृहीत धरतं. लक्ष्य आणि प्रतिबिंब एका फेजमध्ये असतात तेव्हा रडार दोघांच्या मधोमध बोट दाखवतं. मधोमध म्हणजे कुठे? लक्ष्याच्या बरोबर खाली, पाण्याच्या पृष्ठभागावर. दोघे विरुद्ध फेजमध्ये आले की दाखवलेला कोन दोघांच्याही बाहेर जातो. परावर्तित सिग्नलचा आयाम सरळ सिग्नलच्या ९० टक्के धरला तर हा कोन, कागदावरच्या गणिताप्रमाणे, मध्यापासून लक्ष्यापर्यंतच्या कोनाच्या १९ पट वर जातो. प्रत्यक्षात एरर स्लोपची (ते गुणोत्तर आणि कोन यांच्या नात्याची) सरळ रेषा त्याआधीच संपते, म्हणून उसळी तितकी नसते, पण ५ किलोमीटरवर एका अंशाची चूक म्हणजे उंचीत ८७ मीटर. अँटेना आधीच खाली झुकलेली असेल तर प्रतिबिंबाचं पारडं जड होतं आणि झेप खालच्या दिशेने जाते. म्हणूनच एकाच चाचणीत कधी वर, कधी खाली अशी दोन्ही वर्णनं ऐकायला मिळतात.

बीममध्ये प्रतिबिंब शिरायला लागतं कधी? लक्ष्याची पाण्यावरची कोनीय उंची बीमच्या रुंदीच्या साधारण पाऊणपटीपर्यंत खाली आली की. एक मीटर व्यासाच्या एक्स बँड अँटेनाचा बीम सुमारे २ अंशांचा असतो. म्हणजे ५ किलोमीटरवर साधारण १३० मीटरच्या खालचं प्रत्येक लक्ष्य या तावडीत सापडतं. १० मीटरवरच्या लक्ष्याची सुटका अगदी ४०० मीटरच्या आत आल्यावर होते, आणि तोवर फार उशीर झालेला असतो.

निदान कसं पक्कं करायचं

पहिली गोष्ट: रेकॉर्डिंगमधून सिग्नलची ताकद आणि एलेव्हेशनची चूक एकाच आलेखावर, अंतराच्या अक्षावर मांडा. वेळेच्या अक्षावर मांडू नका, त्याने डोळे फसतात. सर्वात मोठी उसळी आणि सर्वात खोल खड्डा नेमके एकाच जागी येत असतील, आणि लक्ष्य जवळ येताना खड्डे दाट होत जात असतील, तर हे प्रतिबिंबाचंच काम. सर्वोमधल्या ढिलाईचा सिग्नलच्या खड्ड्यांशी असा संबंध नसतो. एजीसीचा (सिग्नलप्रमाणे रिसीव्हरचं प्रवर्धन आपोआप कमीजास्त करणाऱ्या भागाचा) टाइम कॉन्स्टंट चुकीचा असेल तर चूक खड्ड्याच्या थोडी नंतर येते, बरोबर त्याच क्षणी येत नाही.

जहाजावर एक जास्तीचा गोंधळ असतो आणि त्यावर मी मुद्दाम रेंगाळतोय, कारण इथे माणसं हमखास चकतात. जहाजाचा रोल (या बाजूकडून त्या बाजूकडे झुलणं) साधारण ८ ते १२ सेकंदांचा असतो. रोलची भरपाई नीट होत नसेल तर एलेव्हेशनमध्ये तेवढ्याच कालावधीचं डुलणं येतं. आता प्रतिबिंबाचं डुलणं बघा. सेकंदाला ३०० मीटर वेगाने येणाऱ्या लक्ष्यासाठी, आपल्याच उदाहरणात, १० किलोमीटरवर एका चक्राला सुमारे २५ सेकंद लागतात, ५ किलोमीटरवर ६ सेकंद, २ किलोमीटरवर १ सेकंद. म्हणजे साधारण साडेपाच ते सात किलोमीटरच्या पट्ट्यात दोन्ही डुलणी सारखीच दिसतात. तेवढाच तुकडा पाहून "गायरोचा दोष" (जहाजाचं झुलणं मोजणाऱ्या उपकरणाचा दोष) असं लिहून टाकणारे अहवाल निघतात ते यामुळेच. पूर्ण धाव पाहा. रोलचा कालावधी लक्ष्य जवळ आलं म्हणून बदलत नाही, प्रतिबिंबाचा बदलतो.

दुसरी चाचणी मला सर्वात आवडते, कारण तिच्यात वेग, रोल, सर्वो यांतलं काहीच आड येत नाही. किनाऱ्यावरच्या रडारसाठी, परवानग्या घेऊन, एक ड्रोन २ किलोमीटरवर पाण्याच्या वर एका जागी ठेवा. त्याखाली कॉर्नर रिफ्लेक्टर (सिग्नल आल्या दिशेनेच परतवणारा धातूचा कोपरा) टांगा, म्हणजे ड्रोनचा स्वतःचा एको कोन बदलला की कमीजास्त होतो तो त्रास राहणार नाही. आता ड्रोन अगदी सावकाश, सरळ वर न्या. अँटेना पाण्यापासून २० मीटरवर असेल तर एक्स बँडमध्ये दर दीड मीटरला सिग्नल पडला पाहिजे. तसा पडला तर निदान पूर्ण. न पडता एलेव्हेशन तरीही भरकटत असेल तर खुशाल यंत्र उघडा.

आणि हो, त्याच मनोऱ्यावरून सकाळी ट्रॅक नीट आणि दुपारी बिघडलेला, हे ऐकलं की आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढा. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी पाण्याची पातळी सहा-सात तासांत ४ मीटरहून जास्त बदलते. २० मीटरवरची अँटेना १६ मीटरवर आल्यासारखं होतं आणि सगळे खड्डे २० टक्क्यांनी सरकतात. खाडीच्या तोंडाशी ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि परावर्तनाचा पृष्ठभागच बदलतो. चाचणीच्या नोंदीत पाण्याची पातळी आणि लाटांची उंची लिहिलेली नसेल तर दोन दिवसांच्या निकालांची तुलना करण्यात अर्थ नाही.

समुद्र शांत असताना त्रास जास्त का

याचं उत्तर खाडीच्या पलीकडच्या दिव्यात दिसतं. पाणी निवांत असलं की दिव्याखाली एकच रेखीव प्रतिबिंब, वारा सुटला की त्याचा लांबलचक विस्कटलेला पट्टा. रडारचंही तसंच. फक्त कोन इतका तिरपा असतो की डोळ्याला खवळलेला वाटणारा समुद्र एक्स बँडला आरसाच वाटतो. एक मीटर उंचीच्या लाटा, ५ किलोमीटर अंतर आणि आपल्याच उंच्या घेतल्या तर रेखीव परावर्तन ८० टक्क्यांच्या वरच उरतं. ३५ गिगाहर्ट्झच्या केए बँडला त्याच लाटांवर ते १० टक्क्यांच्या खाली येतं. बाकीची ऊर्जा विखुरते. ती पूर्ण निरुपद्रवी नसते, तिने कोनात बारीक थरथर येते, पण लॉक तोडणारी उसळी येत नाही.

ज्या उपायांवर वेळ जातो

फिल्टर घट्ट करणं हा सगळ्यांचा पहिला उपाय. तो चालत नाही, कारण दूरवरच्या चक्राला २५ सेकंद लागतात, आणि इतकी हळू चूक सर्वो आणि फिल्टर दोघेही प्रामाणिकपणे पाळतात. सरासरी काढली तरी ती पाण्याच्या पृष्ठभागाकडेच ओढते.

रेंज गेट (ठरावीक अंतराच्याच पट्ट्यातला सिग्नल घेणारी खिडकी) अरुंद करून ८ सेंटिमीटरचा फरक वेगळा करता येत नाही. डॉपलरनेही, म्हणजे वेगावरून निवड करूनही, नाही. डॉपलर लाटांच्या क्लटरमधून (नको असलेल्या परतीच्या सिग्नलांतून) वेगवान लक्ष्य छान निवडून काढतो, पण प्रतिबिंबाचा वेग लक्ष्याइतकाच असतो, त्यामुळे तेही चाळणीतून लक्ष्याबरोबर आत येतो. पोलरायझेशन (तरंगाच्या कंपनाची दिशा) बदलून पाहिलं जातं. उभ्या पोलरायझेशनला काही अंशांच्या कोनावर परावर्तन बरंच घटतं हे खरं, पण अर्ध्या अंशाच्या कोनात ते पुरेसं घटत नाही.

फ्रीक्वेन्सी अॅजिलिटीबद्दल थोडं सविस्तर, कारण ती रामबाण म्हणून सांगितली जाते. कल्पना चांगली आहे: फ्रीक्वेन्सी बदलली की फेज बदलते, खड्डा सरकतो, सरासरीत चूक धुऊन निघते. पण ८ सेंटिमीटरच्या फरकात फेज पूर्ण एक चक्र फिरवायला पावणेचार गिगाहर्ट्झची बँडविड्थ लागते. हातात ५०० मेगाहर्ट्झ असतील तर फेज जेमतेम ४८ अंश फिरते. उंच मनोरा, थोडं वरचं लक्ष्य किंवा कमी अंतर असेल तर फरकाची लांबी वाढते आणि ही युक्ती उपयोगी पडते. लाटांना चाटून येणाऱ्या लक्ष्याला ती एकटी पुरत नाही. तरी ती सुरू ठेवावी, कारण सर्वात खोल खड्ड्याच्या तळातून सिग्नल वर काढायला तेवढाही आधार होतो.

जे खरोखर चालतं

सर्वात स्वस्त उपाय सॉफ्टवेअरमध्ये आहे. लक्ष्य ठरावीक कोनाखाली गेलं की एलेव्हेशनचा सर्वो मोकळा ठेवू नका. अँटेना क्षितिजाच्या साधारण पाऊण बीमरुंदी वर धरून ठेवा, आणि माग फक्त अंतर व अझिमथमध्ये घ्या. बीम वर असल्याने प्रतिबिंब बीमच्या उतारावर जातं आणि त्याचं वजन घटतं. थोडा सिग्नल जातो, पण उसळी थांबते. ज्यांना अचूक उंची हवी त्यांना हे अपुरं वाटेल. पण लॉक सुटून उंची, अंतर, दिशा सगळंच जाण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

याच्या जोडीला ट्रॅकिंग फिल्टरला दोन गोष्टी शिकवा. सिग्नल अचानक पडला की त्या क्षणाच्या एलेव्हेशनवर भरवसा कमी करायचा, कारण सर्वात मोठी चूक तिथेच असते. आणि लक्ष्याच्या हालचालीला भौतिक मर्यादा घालायची: ते पाण्याखाली जाऊ शकत नाही आणि दशांश सेकंदात ८० मीटर चढू शकत नाही. उंची जवळजवळ स्थिर आहे असं मॉडेल घेतलं तर खड्ड्यांच्या जागांवरूनच उंचीचा बऱ्यापैकी अंदाज काढता येतो. म्हणजे ज्याने छळलं तेच मोजमापाला कामी येतं.

अँटेना अॅरे, म्हणजे अनेक छोट्या अँटेनांचा संच, असेल आणि प्रत्येक चॅनेलचा डेटा हाती येत असेल तर लक्ष्य आणि प्रतिबिंब अशी दोन लक्ष्यं गृहीत धरून कोन काढणाऱ्या पद्धती वापरता येतात. एक सावधगिरी: म्युझिकसारखी (MUSIC, जवळजवळच्या दिशांचे सिग्नल वेगळे करणारी) पद्धत थेट लावली तर ती कोसळते, कारण सरळ आणि परावर्तित सिग्नल एकमेकांशी सुसंगत असतात, म्हणजे त्यांच्या फेजचं नातं बांधलेलं असतं. आधी स्पेशियल स्मूदिंग (अॅरेच्या तुकड्यांवर सरासरी) करावं लागतं. भूमिती माहीत असताना मॅक्सिमम लाइकलीहूडची (मोजमापाशी सर्वात जुळणारं उत्तर शोधणारी) पद्धत जास्त भरवशाची ठरते. पाण्याची पातळी तिला बरोबर दिली तरच.

यंत्रच बदलायचं असेल तर तरंगलांबी कमी करा. त्याच एक मीटरच्या अँटेनाला केए बँडमध्ये बीम ०.६ अंशांचा मिळतो. १० मीटरवरचं लक्ष्य १.३ किलोमीटरवर प्रतिबिंबापासून सुटतं, त्याआधीही चूक बीमच्या प्रमाणात घटलेली असते, आणि लाटा आरसा मोडून देतात तो फायदा वेगळाच. नौदलांनी हाच रस्ता धरला. ब्रिटिश सी वुल्फ क्षेपणास्त्र प्रणालीच्या टाइप ९१० रडारला पाण्यालगतच्या लक्ष्यासाठी टीव्ही कॅमेऱ्याने माग घेण्याची जोड द्यावी लागली होती. ४ मे १९८२ रोजी फॉकलंडच्या युद्धात एचएमएस शेफील्ड या ब्रिटिश युद्धनौकेवर लाटांलगत आलेलं एक्झोसेट क्षेपणास्त्र आदळलं, आणि या उंचीवरचा धोका साऱ्या जगाला दिसला. सी वुल्फच्या पुढच्या टाइप ९११ मध्ये रेपियर या जमिनीवरच्या क्षेपणास्त्र प्रणालीच्या ब्लाइंडफायर रडारवर आधारलेलं मिलिमीटर तरंगांचं रडार आलं. डच गोलकीपर तोफेच्या ट्रॅकिंग रडारमध्येही एक्स आणि केए असे दोन्ही बँड आहेत. दोन्ही ठेवण्यामागे कारण आहे पाऊस. तासाला २५ मिलिमीटर पावसात ३५ गिगाहर्ट्झचा सिग्नल दर किलोमीटरला, एकेरी वाटेवर, पाच-सहा डेसिबलने झिजतो. एक्स बँडला तोच पाऊस अर्ध्या-पाऊण डेसिबलचा. कोकणातल्या जुलैत केवळ केए बँडवर विसंबून राहणं परवडणारं नाही. कॅमेऱ्याचंही तेच, पण कोरड्या हवेत इन्फ्रारेड कॅमेऱ्याने एलेव्हेशन आणि रडारने अंतर ही जोडी मला सर्वात समाधानकारक वाटते.

हे काहीच जुळत नसेल तर

एक वेगळं प्रकरण उरतं. लक्ष्य क्षितिजापलीकडे असतानाच दिसतं, मध्ये एका पट्ट्यात गायब होतं, आणि पडद्यावर जिथे काहीच नसायला हवं तिथे एको येतात. वरच्या उंच्यांना रडारचं क्षितिज साधारण ३१ किलोमीटर. त्यापलीकडचं नियमित दिसत असेल तर हवेत डक्ट तयार झाला आहे. समुद्राच्या पृष्ठभागाजवळ बाष्प उंचीबरोबर झपाट्याने घटतं तेव्हा तरंग वाकून पाण्यालगतच अडकतात. जमिनीवरून कोरडी हवा समुद्रावर आली की हे आणखी बळावतं. अरबी समुद्र यासाठी जुना प्रसिद्ध आहे: दुसऱ्या महायुद्धात मुंबईतल्या दीड मीटर तरंगलांबीच्या रडारला हजार मैलांहून दूरच्या अरबस्तानच्या किनाऱ्याचे एको मिळत असत.

डक्टमध्ये खड्ड्यांच्या जागा सरळ रेषेच्या गणिताशी जुळत नाहीत, म्हणून ड्रोनची चाचणी अशा दिवशी करू नका. दूरचे एको खरे की मागच्या पल्सचे, हे पाहायला पीआरएफ (सेकंदाला किती पल्स सोडायचे तो आकडा) बदला. अंतर जागचं हललं तर तो मागच्या पल्सचा एको. आणि निदानासाठी चाचणी घ्यायचीच असेल तर चांगला वारा वाहून हवा घुसळली गेल्यानंतरचा दिवस निवडा, अंतर ५ किलोमीटरच्या आत ठेवा, आणि नोंदीत तापमान, आर्द्रता, वारा, पाण्याची पातळी व लाटांची उंची या पाचही गोष्टी लिहा.